कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे जंतू आणि त्यांचे बदलते वाण

मागील पावसाळ्यात ज्या औषधाने दोन-तीन दिवसांत विष्ठेतील रक्त थांबले, त्याच औषधाने यंदा आठवडा उलटला तरी पिल्लांची मरतूक कमी होत नाही, अशी तक्रार कोंबडीपालकांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी औषध भेसळीचे असावे, दुकानदाराने जुना माल दिला असावा, किंवा पिल्लेच मुळात अशक्त आली असावीत, असा समज करून घेतला जातो. काही प्रसंगी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा औषध तेच व तितकेच चांगले असते. बदललेला असतो तो रोगाचा जंतू. हा बदल कसा होतो हे समजून घेतल्यास औषधांवरील निष्फळ खर्च टळेल व हाताशी असलेली औषधे अधिक काळ उपयोगी पडतील. त्या दृष्टीने या लेखात रक्ती हगवणीच्या जंतूंची माहिती देण्याचे योजिले आहे.

मावळ तालुक्याच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड सोडल्यानंतर बेगडेवाडीचे स्थानक लागते. तेथून घाटमाथ्याकडे जावे तसतसा पाऊस झपाट्याने वाढत जातो व लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी पडते. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा हटत नाही. भाताचा मुलूख असल्याने भातगिरण्यांतील तूस सहज मिळते व कोंबडीघरात गादीसाठी तेच अंथरले जाते. ही गादी पावसाळ्यात ओली झाली, की रोगास आयतेच निमंत्रण मिळते.

जंतूची ओळख

रक्ती हगवण, म्हणजे शास्त्रीय भाषेत कॉक्सिडिओसिस, हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परोपजीवी जंतूंमुळे होतो. हे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. ते कोंबडीच्या आतड्याच्या अस्तरात शिरून तेथील पेशी फोडतात. त्यामुळे रक्तस्राव होतो, अन्नरस शोषला जात नाही, पिल्ले पंख पाडून एका कोपऱ्यात दाटीने बसतात, खाणे सोडतात आणि दगावतात. जी वाचतात त्यांचीही वाढ खुंटते. खाद्याचा खर्च तेवढाच होतो. वजन मात्र भरत नाही. या रोगामुळे जगातील कोंबडीपालन व्यवसायाचे २०१६ सालच्या किमतींनुसार वर्षाला एक हजार कोटी पौंडांहून अधिक नुकसान होते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे.

कोंबडीस बाधणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती पूर्वीपासून ज्ञात आहेत. त्यांपैकी आयमेरिया टेनेला ही जात आतड्याच्या शेवटाकडील दोन आंधळ्या पिशव्यांत वाढते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत ताजे लाल रक्त दिसते ते बहुधा हिच्यामुळे. आयमेरिया नेकॅट्रिक्स ही मधल्या आतड्यात वाढते व थोड्या मोठ्या तलंगांना अधिक मारते. आयमेरिया ॲसरव्ह्युलिना ही आतड्याच्या वरच्या भागात पांढरट आडव्या रेषा उमटविते. तिच्यामुळे रक्त पडत नाही, म्हणून ती ध्यानात येत नाही. वजनाची घट मात्र पुष्कळ करते. मॅक्झिमा, ब्रुनेटी, मायटिस व प्रीकॉक्स या उरलेल्या चार जाती होत. यावरून हे दिसून येईल, की ‘रक्त नाही म्हणजे रोग नाही’ ही समजूत चुकीची आहे.

येथे दोन शब्दांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. भात ही एक जात, आणि आंबेमोहोर, इंद्रायणी हे तिच्यातील वाण. त्याचप्रमाणे आयमेरिया टेनेला ही जंतूची एक जात होय व तिच्यातही अनेक वाण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे वाण सारखेच दिसतात. परंतु एक औषधाने मरतो व दुसरा मरत नाही. एकाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून संरक्षण देईलच असे नसते.

जंतूचा जीवनक्रम

आजारी किंवा वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतून या जंतूची कवचधारी बीजे बाहेर पडतात. सोयीसाठी आपण त्यांस जंतुबीज म्हणू. बाहेर पडताक्षणी ते रोग उत्पन्न करू शकत नाही. ओल, ऊब व हवेतील प्राणवायू ही तिन्ही मिळाली, की ते एक ते दोन दिवसांत पक्व होते. पक्व जंतुबीजात चार कोष व प्रत्येक कोषात दोन, असे आठ जंतू तयार असतात. पिल्लू गादी उकरताना किंवा विष्ठेने दूषित झालेले खाद्य खाताना ही बीजे गिळते. पोटात कवच फुटते, जंतू आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तेथे एकाचे अनेक असे काही पिढ्या वाढत जातात. शेवटच्या टप्प्यात नर व मादी अशा पेशी तयार होऊन त्यांचा संयोग होतो व नवी जंतुबीजे विष्ठेवाटे बाहेर पडू लागतात. गिळल्यापासून या घटकेपर्यंत जातीनुसार साधारणतः चार ते सात दिवस लागतात. एका जंतुबीजापासून हजारो, आणि काही जातींत लाखोंच्या संख्येने नवी बीजे निर्माण होऊ शकतात. सहा आठवड्यांच्या एका लॉटमध्ये अशी कितीतरी आवर्तने होतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका कोपऱ्यातील रोग आठ-दहा दिवसांत सगळ्या घरात कसा पसरतो, त्याचा उलगडा होतो.

वाण कसे बदलतात

ज्या प्राण्याची किंवा वनस्पतीची संतती इतक्या वेगाने वाढते, तिच्यात सर्व संतती हुबेहूब सारखी निपजणे शक्य नसते. आनुवंशिक द्रव्याची नक्कल होताना क्वचित एखादी चूक राहते. लाखो जंतूंत अशा चुका झालेले काही जंतू असतातच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. परंतु एखाद्या चुकीमुळे विशिष्ट औषध त्या जंतूस बाधेनासे होते. कोंबडीघरात ते औषध नसेल, तर असा जंतू इतरांच्या गर्दीत हरवून जातो. औषध सुरू होताच मात्र इतर मरतात, हा उरतो, आणि रिकामे झालेले सारे आतडे त्याला मोकळे मिळते. पुढील काही आवर्तनांत घरातील बहुसंख्य जंतू त्याचीच प्रजा असतात. शेतकरी ज्याप्रमाणे भाताच्या खाचरातून निवडक लोंब्या बियाण्यासाठी राखतो, त्याप्रमाणे आपण औषध देऊन नकळत जंतूंची निवड करीत असतो. आणि ती नेमकी औषधास न जुमानणाऱ्या वाणाची असते.

दुसरा मार्ग संकराचा आहे. तो समजण्यासाठी मावळातीलच उदाहरण घेऊ. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ या दोन भातांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण तयार करण्यात आला व १९८७ साली तो प्रसारित झाला. एका पित्राचा सुवास व दुसऱ्याची अधिक उत्पन्न देण्याची शक्ती असे गुण एका रोपात आणण्यासाठी शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. हेच काम कोंबडीच्या आतड्यात कोणीही न करता घडते. एका औषधास दाद न देणारा एक वाण व दुसऱ्या औषधास दाद न देणारा दुसरा वाण एकाच कोंबडीत एकत्र आले, तर त्यांच्या नर-मादी पेशींचा संयोग होऊन दोन्ही औषधांना न जुमानणारी संतती निपजू शकते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेफर्स यांनी १९७४ साली टेनेला जातीत हे प्रयोगाने दाखविले. पुढील वर्षी इंग्लंडमधील जॉयनर व नॉर्टन यांनी मॅक्झिमा जातीत तेच सिद्ध केले.

यातील एक गोष्ट कोंबडीपालकाने विशेष ध्यानात ठेवावी. नर-मादी पेशींचा संयोग आतड्यात होतो. परंतु आईबापांच्या गुणांची नव्याने वाटणी होऊन वेगवेगळे जंतू तयार होतात ते जंतुबीज बाहेर पडून पक्व होत असताना. अर्थात ही क्रिया आपल्या पायांखालच्या गादीत चालते. दूषित गादी ही केवळ रोग पसरण्याची जागा नसून नवे वाण जन्मास येण्याचीही जागा आहे.

औषधांचा अनुभव

औषधांचा इतिहास पाहिल्यास वरील विवेचनाची खात्री पटते. सल्फा औषधांचा या रोगावर उपयोग होतो, हे १९३९ साली लेव्हाइन यांनी दाखविले. १९४८ पासून सल्फाक्विनॉक्झलिन खाद्यात मिसळून देण्यास प्रारंभ झाला. १९५५ साली निकार्बाझिन व १९६० साली अँप्रोलियम आले. १९७१ साली मोनेन्सिन हे औषध अमेरिकेत वापरात आले व पुढे त्याच वर्गातील सॅलिनोमायसिन वगैरे औषधांची भर पडली. प्रत्येक नवे औषध आले तेव्हा रोगाचा प्रश्न सुटला असे वाटले. आज यांपैकी प्रत्येक औषधास कमी-अधिक दाद न देणारे वाण आढळले आहेत.

सर्व औषधांची शक्ती सारख्याच वेगाने कमी झाली नाही, हेही बोधप्रद आहे. १९६० नंतरच्या दशकात क्विनोलोन वर्गातील काही औषधे या रोगावर वापरात आली. ती जंतूच्या एकाच विवक्षित प्रथिनावर आघात करतात. त्या प्रथिनातील लहानशा फरकाने जंतू सुटतो. त्यामुळे ही औषधे अतिशय लवकर निष्प्रभ ठरली. मोनेन्सिन वर्गातील औषधे जंतूच्या पेशीतील क्षारांचा समतोलच बिघडवितात. त्यांतून सुटणे जंतूस तितके सोपे नसल्याने ती अनेक वर्षे टिकली. शिवाय ती सर्वच जंतू मारीत नाहीत. थोडे जंतू उरतात व त्यांच्यामुळे पिल्लांत हळूहळू प्रतिकारशक्ती येते.

लस व प्रतिकारशक्ती

ज्या पिल्लास थोड्या प्रमाणात जंतूंची लागण होऊन ते बरे होते, त्याच्या अंगी त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती येते. ती दुसऱ्या जातीपासून संरक्षण देत नाही. टेनेलाने आजारी पडून सावरलेली तलंग नेकॅट्रिक्सने दगावू शकते, याचे कारण हेच. मॅक्झिमा जातीत तर एका वाणाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्या वाणास पुरेशी अडवीत नाही, असे आढळले आहे.

अशा सौम्य लागणीच्या तत्त्वावर जिवंत जंतूंची लस अमेरिकेत १९५२ पासून वापरात आहे. जेफर्स यांनी १९७५ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखविली. विष्ठेतून सर्वांत आधी बाहेर पडणारी जंतुबीजे निवडून तीच पुन:पुन्हा पिल्लांना दिल्यास लवकर पक्व होणारा, परंतु कमी पिढ्या वाढणारा व म्हणून सौम्य असा वाण हाती येतो. अशा सौम्य वाणांची लस इंग्लंडमध्ये १९८९ साली बाजारात आली व तीत मॅक्झिमा जातीचे दोन वाण मुद्दाम घालण्यात आले. म्हणजे ज्या आनुवंशिक विविधतेमुळे औषध हरते, तिचाच उपयोग करून लस तयार झाली. या लशींचा आणखी एक फायदा अनुभवास आला आहे. लशीतील जंतू औषधास बळी पडणारे असतात. ते कोंबडीघरात पसरून तेथील चिवट वाणांशी मिसळतात व त्यांची जागा घेतात. त्यामुळे निष्प्रभ झालेले औषध काही काळाने पुन्हा लागू पडू लागते.

विविधतेचा शोध अद्याप चालू आहे. ऑस्ट्रेलियात ज्ञात सात जातींशी न जुळणारे तीन प्रकार प्रथम आढळले. पुढे ते आफ्रिकेत व भारतातही दिसून आले. २०२१ साली त्यांस आयमेरिया लाटा, आयमेरिया नागांबी व आयमेरिया झारिया अशी स्वतंत्र जातींची नावे देण्यात आली. प्रचलित लशींमुळे येणारी प्रतिकारशक्ती यांना पुरेशी अडवू शकत नाही, हे चिंतेचे आहे. गुजरातमधील आणंद येथील शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसमवेत ब्रॉयलर व देशी कोंबड्या या दोहोंतील आयमेरियाच्या विविधतेचा अभ्यास करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला. यावरून परसातील देशी कोंबडीही या विचारातून वगळता येत नाही, हे ध्यानी यावे.

याउलट एक आशादायक गोष्टही आढळली आहे. पेशीत शिरण्यासाठी या जंतूस लागणारे एक प्रथिन हिवतापाच्या जंतूत फार बदलते. टेनेला जातीत मात्र ते फारसे बदलत नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अशा स्थिर प्रथिनावर आधारलेली लस निरनिराळ्या वाणांवर चालण्याची शक्यता अधिक असते.

कोंबडीपालकांनी काय करावे

कोरडी गादी, पुरेशी जागा व स्वच्छ भांडी यांचा उपयोग जंतूचा वाण कोणता आहे यावर अवलंबून नसतो. म्हणून औषधापूर्वी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(१) गादीसाठी कोरडे तूस पावसाळ्यापूर्वीच आणून झाकून ठेवावे. मूठभर तूस हातात आवळून पाहावे. त्याचा घट्ट गोळा बनून तसाच राहिला, तर गादी फार ओली झाली असे समजावे. ओला भाग काढून टाकून तेथे नवे तूस घालावे व गादी नियमाने खालीवर करावी.

(२) गादी बहुधा पाण्याच्या भांड्यांभोवती प्रथम भिजते. भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीस ठेवावीत व गळती त्याच दिवशी दुरुस्त करावी. पावसाच्या बाजूचे पडदे झडीच्या वेळी सोडावेत, पण हवा कोंडू देऊ नये. पागोळ्यांचे पाणी आत येऊ नये म्हणून घराभोवती चर काढावा.

(३) गर्दी टाळावी. ब्रॉयलर पक्ष्यास निदान एक चौरस फूट जागा मिळाली पाहिजे. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावीत, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या मोठ्या कोंबड्या जंतुबीजे बाहेर टाकीत असतात.

(४) लॉट गेल्यावर जुनी गादी पूर्णपणे काढून दूर खड्ड्यात कुजवावी. नीट कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने जंतुबीजे मरतात व भातासाठी उत्तम खतही मिळते. फिनेलसारखी नेहमीची जंतुनाशके या बीजांच्या कवचातून आत जात नाहीत. केवळ त्यांवर विसंबू नये. जमीन खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवावी व शक्य तेथे ज्योतीने शेकावी.

(५) खाद्याच्या पोत्यावर कोणते औषध मिसळले आहे ते वाचावे. कंत्राटी पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्यांनी ही माहिती कंपनीच्या पर्यवेक्षकाकडे आवर्जून मागावी. ती नसता पाण्यातून दुसरे औषध देणे म्हणजे अंधारात काठी मारण्यासारखे आहे.

(६) औषधाची मात्रा अर्धवट ठेवू नये व दिवसही कमी करू नयेत. आजारी व भिजलेले पक्षी पाणी कमी पितात, त्यामुळे पाण्यातील औषध पुरेसे पोटात जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. अँप्रोलियम देत असताना त्याच वेळी ब-१ जीवनसत्त्व दिल्यास औषधाचा परिणाम कमी होतो, कारण हे औषध त्या जीवनसत्त्वाशी साधर्म्य असल्यामुळेच काम करते.

(७) एकच औषध वर्षानुवर्षे वापरू नये. निरनिराळ्या वर्गांतील औषधे ठराविक मुदतीने आलटूनपालटून वापरण्याची योजना पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. नाव वेगळे, पण वर्ग तोच असेल, तर असा बदल उपयोगी पडत नाही. मांस व अंडी विक्रीस काढण्यापूर्वी औषध बंद ठेवण्याची मुदत कटाक्षाने पाळावी.

(८) अंड्यांसाठी किंवा पैदाशीसाठी दीर्घकाळ ठेवायच्या पक्ष्यांना लस देण्याविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

औषध लागू पडत नाही अशी तक्रार आल्यास कार्यकर्त्याने लगेच दुसऱ्या औषधाचे नाव सुचवू नये. प्रथम मात्रा, पाणी व गादी यांची पाहणी करावी. नंतर नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे न्यावेत. आतड्याच्या कोणत्या भागात व्रण आहेत यावरून जातीचा अंदाज बांधता येतो. घराच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेली ताजी विष्ठाही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तपासणीस पाठवावी. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याच्या रोगनिदानाची सोय आहे. बेगडेवाडीसारख्या गावास ती फार दूर नाही.

प्रत्येक कोंबडीपालकाने एक साधी वही ठेवावी, यासाठीही कार्यकर्त्यांनी प्रयत्न करावा. लॉट केव्हा आला, खाद्यात कोणते औषध होते, रोग कोणत्या आठवड्यात दिसला, काय दिले, किती दिवसांत मरतूक थांबली, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. चार-पाच लॉटच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की औषधाची शक्ती कमी होत चालल्याचे रोग हाताबाहेर जाण्यापूर्वीच दिसू लागते.

सन २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे सात कोटी त्रेचाळीस लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. मोठ्या कंपनीस एखाद्या लॉटचे नुकसान सोसता येते. पाचशे पिल्लांवर मुलांच्या शिक्षणाचा किंवा भाताच्या लावणीचा खर्च भागविणाऱ्या कुटुंबास ते सोसत नाही. नवी औषधे वारंवार निघत नाहीत. जी आहेत ती सर्वांची सामाईक पुंजी आहे. एका घरात तयार झालेला चिवट वाण पायांतील चपलांबरोबर, पिंजऱ्यांबरोबर व वाहनांबरोबर शेजाऱ्याच्या घरात जातो. म्हणून गावातील कोंबडीपालकांनी एकत्र बसून पावसाळ्याच्या तोंडी गादीची, औषधांच्या पालटाची व तपासणीची योजना ठरवावी, आणि ती वर्षभर पाळावी.